पहिली हाफ मॅरेथॉन करायचीय? मग आधी हळू धावायला शिका

शाळेतल्या क्रीडादिनानंतर कधी धावला नाहीत, लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर दम लागतो, आणि तरी मनात येतंय की एकदा २१ किलोमीटर करून बघायचेच, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी ठाण्यात राहते, नोकरी करते, एकेचाळिसाव्या वर्षी धावायला लागले आणि आतापर्यंत सात हाफ मॅरेथॉन झाल्यात. पण पहिली व्हायला दोन वर्षं लागली कारण पहिल्या वर्षी माझं सगळंच चुकलं, आणि काय चुकलं ते आधी सांगते कारण नवीन येणारे बहुतेक जण मला तिथेच अडकलेले दिसतात.

मी वेगात धावत होते. सोसायटीतल्या विशी-पंचविशीच्या मुलांबरोबर पहिल्या दिवसापासून, धापा टाकत, तोंड लालबुंद, आणि मला वाटायचं की दम लागतोय म्हणजेच मेहनत होतेय. पाचव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूने दुखायला लागलं, मी बाम चोळून तशीच धावत राहिले, आणि एक दिवस जिना उतरता येईना. डॉक्टरांनी दीड महिना धावणं बंद केलं आणि तो सीझन गेला.

असं का होतं ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. धावायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं चार-सहा आठवड्यांत बऱ्यापैकी तयार होतात, दम कमी लागतो, अंगात हुरूप येतो. पण हाडं आणि सांध्यांभोवतीचे स्नायुबंध तेवढ्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना महिनेच्या महिने लागतात. म्हणजे महिन्याभराने तुमचा दम म्हणतो पळ आणि तुमची नडगी म्हणते थांब, आणि आपण दमाचं ऐकतो. बहुतेक दुखापती नेमक्या याच टप्प्यावर होतात.

मग हळू म्हणजे किती हळू?

बोलता येईल इतकं हळू. शेजारी कोणी असेल तर काल ऑफिसात काय झालं ते त्याला न अडखळता सांगता आलं पाहिजे, एकटे असाल तर धावता धावता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा, दोन-तीन ओळी एका श्वासात जमल्या तर वेग बरोबर आहे आणि सतरा दुणे चौतीसलाच श्वास तुटला तर वेग कमी करा. घड्याळ, ॲप, हार्ट रेट हे सगळं नंतर. सुरुवातीला हा वेग इतका कमी असतो की शेजारून भरभर चालणाऱ्या काकू पुढे निघून जातात आणि ते मनाला लागतं, मला माहितीय. जाऊ द्या त्यांना. जगातले चांगले धावपटूसुद्धा आठवड्यातलं बरंचसं धावणं आरामातच करतात, जोरात धावायचे दिवस त्यांच्याकडेही मोजकेच असतात.

आकडे बघितले की मन जरा शांत होतं. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२० मध्ये दिल्लीची हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावला, म्हणजे एक किलोमीटर २ मिनिटं ५२ सेकंदांत, सलग २१ वेळा. तुम्ही आम्ही ८ मिनिटांत एक किलोमीटर केला तरी २ तास ४९ मिनिटांत पोचतो, आणि ३ तासांत संपवायची असेल तर साडेआठ मिनिटांना एक किलोमीटर पुरतो. हा वेग भरभर चालणं आणि धावणं यांच्या मधलाच आहे. तेव्हा पहिल्या हाफसाठी वेगाची कसरत करायची गरजच नाही, कमवायचंय ते इतका वेळ पायांवर टिकून राहणं.

माझ्या सासूबाई वयाच्या साठीपर्यंत वारीला जायच्या. पुण्याहून सासवडचा टप्पा म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर आणि वर दिवे घाट, आणि त्या कधीच कुठलं ट्रेनिंग करून गेल्या नाहीत, मात्र वर्षभर रोजचं चालणं होतं आणि घाई अजिबात नव्हती. मी पहिल्या वर्षी पाय शेकत बसले होते तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं की तुला कुठे लवकर पोचायचं होतं गं. दुसऱ्या वर्षी मी सुरुवात केली तेव्हा तो प्रश्न डोक्यात होता.

धावायच्या आधी दोन कामं

पहिलं काम डॉक्टर. वय चाळिशीच्या आसपास किंवा पुढे असेल, किंवा बीपी, शुगर, थायरॉइड काही असेल, सिगारेट असेल, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल, तर फिजिशियनकडे जाऊन स्पष्ट सांगा की मी २१ किलोमीटर धावायची तयारी करणार आहे. ते ईसीजी सांगतील, कदाचित स्ट्रेस टेस्ट सांगतील, करून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिन नक्की बघा, आपल्याकडे ते कमी असणं इतकं कॉमन आहे की थकवा येतोय तो धावण्याने की रक्त कमी असल्याने हे कळतच नाही. आणि धावताना छातीत दडपण आलं, जबडा किंवा हात दुखायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि मदत मागायची. त्या दिवशी शेवटचा एक किलोमीटर पूर्ण करायचा विचारही करायचा नाही.

दुसरं काम बूट. बाकी सगळ्यावर पैसे वाचवा, बुटांवर नको. रनिंगचेच बूट घ्या, क्रिकेटचे किंवा जिमचे किंवा मुलाचे जुने नकोत. संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि धावतानाही सुजतात, जे मोजे घालून धावणार तेच घालून जा, आणि बूट घालून उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. रोजच्या चपलेपेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा लागेल, लागू द्या. दुकानात थोडं धावून बघा, पहिल्या मिनिटाला जो बूट चांगला वाटतो तोच घ्या, 'वापरून सैल होईल' असं कोणी म्हटलं तर तो जोड परत ठेवा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळाची उशी बसते, तेव्हा एका जोडीत पहिलं वर्ष आरामात निघतं. तो जोड भाजी आणायला वापरू नका.

कपड्यांचं थोडक्यात. सुती टीशर्ट घामाने जड होतो आणि घासतो, ड्रायफिट म्हणजे घाम चटकन सुकणाऱ्या कापडाचा घ्या, साधा स्वस्तातला चालतो. बायकांनी चांगली घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, यात कंजूषी केली की दहा किलोमीटरनंतर पाठ आणि खांदे बोलायला लागतात. काखा, मांड्या, ब्राची पट्टी जिथे घासते तिथे व्हॅसलीन, आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर छोटी चिकटपट्टी, लाँग रननंतर म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेनंतर टीशर्टवर रक्ताचे डाग दिसले की मग लोकांना हे पटतं.

कुठली रेस धरायची

मी मुंबई मॅरेथॉन समोर ठेवून सांगतेय. ती २००४ पासून होते, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, आणि सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही तिथून त्या दिवशी पहाटे अंधारात धावायला मिळतं, दोन्ही बाजूंना समुद्र, मला अजूनही दरवेळी भरून येतं. रजिस्ट्रेशन कित्येक महिने आधी उघडतं आणि हाफच्या जागा पटापट संपतात, त्यामुळे तारखांवर लक्ष ठेवा. पुण्यात डिसेंबरात १९८३ पासूनची जुनी रेस आहे, वसई-विरारला आहे, शिवाय आता बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी हाफ असते. साताऱ्याची हिल हाफ फार सुंदर, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि परत, पावसाळ्याच्या शेवटी सगळं हिरवंगार असतं, पण पहिली हाफ म्हणून ती घेऊ नका, अर्धी रेस चढ आहे आणि उतरताना गुडघे-मांड्यांचा कस लागतो. ती दुसरी किंवा तिसरी करा.

कुठलीही निवडा, दोन गोष्टी आधी वाचा: कट-ऑफ टाइम किती, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळात रेस संपवावी लागते, आणि रूटला चढ किती.

जुलै ते सप्टेंबर: चालत धावत

जुलैच्या मध्यात सुरू केलं तर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत सव्वीस आठवडे मिळतात. कोणी तुम्हाला बारा आठवड्यांचा प्लॅन दिला तर तो आधीच पाच किलोमीटर धावणाऱ्यांसाठी असतो, नवख्यांनी सव्वीस घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आठवड्यातून तीन दिवस, समजा मंगळवार, गुरुवार, रविवार. पाच-दहा मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग १ मिनिट धावायचं आणि २ मिनिटं चालायचं, असं दहा वेळा, म्हणजे अर्धा तास. दोन आठवडे एवढंच. मग २ मिनिटं धावणं २ मिनिटं चालणं, मग ४ धावणं १ चालणं, सातव्या आठवड्यापर्यंत ९ धावणं १ चालणं, आणि आठव्या आठवड्यात एक दिवस सलग तीस मिनिटं धावून बघायचं. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा, पुढे ढकलत जाऊ नका. मध्ये चालणं म्हणजे हार नाही, ही एक रीतसर पद्धत आहे, कितीतरी लोक पूर्ण मॅरेथॉन अशीच धाव-चाल करत संपवतात आणि पहिल्या हाफला तुम्हीही तसं केलंत तर उत्तमच.

आपल्याकडे हे सगळं पावसात येतं. पावसात धावायला मजा येते, फक्त काही गोष्टी सांभाळा. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक भयंकर निसरडे असतात. साचलेल्या पाण्यातून कधीच धावू नका, खाली उघडं गटार असू शकतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. घरी आल्यावर बुटांची आतली गादी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत बूट वाळतात, उन्हात किंवा गिझरवर ठेवले तर गोंद सुटतो. विजा चमकत असतील तर घरीच थांबा.

जागा शोधताना शक्यतो मातीचा किंवा डांबरी रस्ता बघा, काँक्रीट सगळ्यात कडक. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी किलोमीटरपेक्षा थोडीशीच जास्त भरते, नवख्यांना फार बरी, दमलं की बसायला जागाच जागा आणि सकाळी कायम माणसं. ठाण्यात उपवन, येऊरच्या पायथ्याशी, मरीन ड्राइव्ह, पुण्यात विद्यापीठ किंवा रेसकोर्स, कोल्हापुरात रंकाळा. ट्रॅक मिळाला तर सगळ्यात आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटर, मोजायला सोपं. अंधारात जाणार असाल तर वर्दळीच्या बाजूने, रहदारी समोरून येईल अशा कडेने, चमकणारी पट्टी असलेला टीशर्ट घालून, आणि इअरफोन लावूच नका. बायकांना विशेष सांगते, घरी किंवा मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवून निघा आणि एखादा ग्रुप शोधा, आता जवळजवळ प्रत्येक शहरात पहाटेचे रनिंग ग्रुप आहेत आणि नवीन माणसाला ते मनापासून सांभाळून घेतात. फक्त ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाबरोबर धावा.

कुत्रे मागे लागले तर धावायचं थांबवा आणि शांतपणे चालत जा, नजर भिडवू नका. धावणाऱ्याच्या मागेच ते लागतात.

ऑक्टोबर: दहा किलोमीटरपर्यंत

आता मंगळवारी आणि गुरुवारी ३० ते ४५ मिनिटं आरामात, आणि रविवारी लाँग रन. सगळी हाफ मॅरेथॉन या रविवारांवर उभी राहते, मधले दोन दिवस एकवेळ चुकले तरी चालतील पण रविवार चुकवू नका. ५ किलोमीटर, ६, ७, मग एक आठवडा कमी करून पुन्हा ५, मग ७, ८, ९, १०. चौथ्या आठवड्याला कमी करायचं ते विसरू नका, शरीर भरून येतं ते विश्रांतीत, धावताना नाही. दर आठवड्याच्या एकूण अंतरात साधारण दहा टक्क्यांनी वाढ, हा जुना अंदाज सगळे वापरतात आणि तो बरा आहे.

याच काळात ऑक्टोबर हीट येते आणि लोकांना वाटतं आपण मागे चाललोय. तसं नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड करायला हृदयाला जास्त रक्त त्वचेकडे पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच वेगाला जास्त दम लागतो. पाच-साडेपाचला बाहेर पडा, पुन्हा पाढ्याची परीक्षा घ्या आणि वेग पडेल तेवढा पडू द्या. नवरात्राचे कडक उपास असतील तर त्या नऊ दिवसांत लाँग रन नको, नुसतं चाला. दिवाळीचा एक आठवडा सोडून दिलात तरी काही बिघडत नाही, खरंच. दोन आठवडे मात्र सलग सोडू नका.

उरलेल्या दिवसांतले दोन दिवस वीस मिनिटं घरी ताकदीचे व्यायाम करा. उठाबशा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक. मी पहिल्या वर्षी हे काहीच केलं नव्हतं. टाचा वर-खाली करणं दिसायला किरकोळ पण पोटऱ्या आणि नडगी त्यानेच वाचते, पंधराचे तीन सेट करा, दात घासताना करा हवं तर. सूर्यनमस्कार चांगलेच. धावायच्या आधी पाय झुलवणं, गुडघे उचलणं असं हलतं वॉर्मअप, आणि ताणून धरायचं स्ट्रेचिंग धावून झाल्यावर.

नोव्हेंबर-डिसेंबर: मोठे रविवार

१०, ११, १३, मग ९, मग १४, १६, १२, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारच्या आसपास १८. एवढंच. पूर्ण २१ आधी धावून बघायची गरज नाही, १८ आरामात झाले की उरलेले तीन त्या दिवशीच्या वातावरणात निघतात. वेळ लागला तर लागू द्या, १८ ला अडीच तास लागले तरी हरकत नाही.

आता खाण्यापिण्याचा विषय येतो कारण दीड-दोन तासांपर्यंत अंगातला ऊर्जेचा साठा पुरतो, पुढे पाय एकदम जड होतात, कोणीतरी प्लग काढल्यासारखं वाटतं. तासाभरापेक्षा जास्त धावणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्कीचा तुकडा, गूळ, राजगिऱ्याचा लाडू, एनर्जी जेल, जे पोटाला मानवेल ते, पण रविवारी प्रयोग करून ठरवा. मला चिक्की धावताना चावता येत नाही आणि बिया काढलेले खजूर उत्तम जमतात, माझ्या मैत्रिणीचं खजुराने पोट बिघडतं. निघायच्या तासभर आधी एक केळं किंवा जॅम लावून दोन ब्रेड. आदल्या रात्री साधं, वरणभात, दहीभात, भाकरी-भाजी कमी तिखट. लाँग रनच्या आदल्या रात्री मिसळ किंवा छोले खाल्लेत तर सकाळी रस्त्यावर टॉयलेट शोधत फिराल. धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोहे-अंडी, उसळ-पोळी, दूध-केळं असं प्रोटीन असलेलं काहीतरी.

पाणी तहान लागेल तसं, घोट घोट. लोक घाबरून लिटरच्या लिटर साधं पाणी पितात, त्याने रक्तातलं सोडियम कमी होऊन डोकं दुखणं, मळमळ, भ्रम असं होऊ शकतं आणि ते गंभीर असतं. तासापेक्षा जास्त धावायचं तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस बरोबर ठेवा, ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं, कमी-जास्त नाही. आणि वेदनाशामक गोळी घेऊन कधीही धावायचं नाही, पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीला त्रास देतात आणि दुखणं झाकलं गेल्यामुळे आपण दुखापत वाढवतो.

दुखण्याचं माझं गणित असं. दोन्ही पायांत सारखं, स्नायूंत, दुसऱ्या दिवशी जास्त आणि चार दिवसांत जाणारं दुखणं हे नेहमीचं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं, धावता धावता वाढणारं, किंवा चाल लंगडी करणारं दुखणं म्हणजे थांबा. नडगीच्या हाडावर एका बिंदूला दाबून कळ येत असेल तर ऑर्थोपेडिककडे जाच, हाडाला बारीक तडा असू शकतो. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येते ती वेगळी, ती तळपायाच्या पडद्याची सूज, पोटऱ्या ताणणं आणि तळव्याखाली बॉल फिरवणं यांनी बरीचशी कमी होते पण वेळ घेते. तीन दिवस सुट्टी घेऊन बरं वाटलं तर हळू सुरू करा, नाही वाटलं तर फिजिओ गाठा. रेस पुढच्या वर्षीही असते.

शेवटचे पंधरा दिवस

अठरा झाले की आता कमवायचं काही उरत नाही, फक्त सांभाळायचं. पुढच्या रविवारी ८ ते १०, आणि शेवटच्या आठवड्यात वीस-वीस मिनिटांच्या दोन धावा. पाय फुरफुरतात, भलतीकडेच दुखल्यासारखं वाटतं, झोप उडते, हे सगळ्यांचं होतं, त्या भरात जास्तीचे दहा किलोमीटर मारून येऊ नका. संक्रांत त्याच आठवड्यात असते, तिळगूळ खा की, त्याची ऊर्जा कामाला येईल.

बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर, तो घ्यायला एक्स्पोला, म्हणजे रेसच्या आधी भरणाऱ्या प्रदर्शनाला, ओळखपत्राचा मूळ कागद घेऊन जा, रेसच्या दिवशी सकाळी मिळेल असं गृहीत धरू नका. तिथे खूप स्टॉल असतात, तास दोन तास उभं राहू नका, आणि तिथे घेतलेले नवे बूट, नवे मोजे, नवा टीशर्ट काहीही रेसला घालायचं नाही. पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापा. आदल्या रात्री बिब टीशर्टवर चार पिनांनी लावून, बूट, मोजे, व्हॅसलीन, खजूर सगळं एका जागी ठेवून झोपा. झोप लागणार नाही, चालतं, आदल्याच्या आदल्या रात्रीची झोप महत्त्वाची.

रेसची सकाळ

मुंबईची हाफ पहाटे पाचच्या सुमाराला सुटते म्हणजे अडीच-तीनला उठणं आलं. खाऊन, नेहमीचा चहा-कॉफी घेऊन, टॉयलेटला जाऊन निघा, तिथे लाइनी मोठ्या असतात. तासभर आधी पोचा. जुना टीशर्ट किंवा शाल अंगावर असू द्या. तुमच्या सेक्शनमध्ये मागच्या बाजूला उभे राहा, पुढे उभं राहिलात की वेगवान लोक धक्के देत जातात आणि आपणही ओढले जातो. वेळेची काळजी नको, तुमचा चिप टाइम, म्हणजे चिपने मोजलेला तुमचा वेळ, तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यावरच सुरू होतो.

आणि आता सहा महिने जे शिकलात ते पहिल्या तीन किलोमीटरमध्ये विसरायला लावणारी वेळ येते. ढोल वाजत असतात, हजारो माणसं, अंगावर काटा, आणि पाय आपोआप पळतात. ठरवून मागे राहा. पहिले पाच किलोमीटर तुम्हाला फार हळू वाटले पाहिजेत, पाढा म्हणून बघा, लोक बघतील, बघू देत. दर ९ मिनिटांनी १ मिनिट चालायचं ठरवलं असेल तर पहिल्यापासून चाला, दमल्यावर चालायला सुरुवात करण्यात काही फायदा नाही. पाण्याच्या टेबलांपैकी पहिल्यावर गर्दी करतात सगळे, शेवटच्या टेबलाकडे जा, बाटली घेऊन कडेला येऊन चालत प्या, रिकामी बाटली कोणाच्या पायाखाली येणार नाही अशी टाका. चौथ्या-पाचव्या किलोमीटरपासून खजूर सुरू, भूक लागायची वाट बघू नका.

मध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे असतात, बिस्किटं, संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेली काकडी घेऊन, आपल्याला ओळखतही नाहीत आणि बिबवरचं नाव वाचून हाका मारतात. हसून हात करा त्यांना, पण ओळखीचं नसलेलं खाऊ नका. पेडर रोडचा चढ दमल्यावर येतो, तिथे पावलं लहान करा, नजर समोरच्या माणसाच्या पाठीवर, चालत चढलात तरी दोन-तीन मिनिटांचाच फरक पडतो. पायात वांब आला तर कडेला जाऊन हळूच ताणा, चाला, मग पुन्हा सुरू करा. सोळानंतर जर अंगात जोर असेल, आणि हळू सुरुवात केली असेल तर असतोच, तर आता थोडा वेग वाढवा. माझ्या पहिल्या हाफला मी शेवटच्या चार किलोमीटरमध्ये कितीतरी लोकांना ओलांडलं, २ तास ५३ मिनिटं लागली, आणि शेवटच्या वळणावर मी रडत होते.

रेघ ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं तरी चालत राहा, एकदम थांबलं की चक्कर येते. मेडल घ्या, सरबत आणि खायचं मिळेल ते घ्या, ओला टीशर्ट बदला. घरी येताना लोकलमध्ये उभं राहायची पाळी आली तर बिब दाखवा, लोक जागा देतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उलटं उतरलं की मांड्या कमी दुखतात. एखादं नख काळं पडेल, सुजलं किंवा पू झाला नसेल तर हात लावू नका, आपोआप गळून नवीन येतं. आठवडाभर फक्त चाला आणि भरपूर झोपा, पुढच्या रविवारी दुखत नसेल तर तीन-चार किलोमीटर, पाढे म्हणत.